बारकीच्या ताटाची जबाबदारी

३ जून
धाकटी बहीण जेवत नाही. वय वर्षं चौदा. बाबा म्हणतात, वयच तसं असतं. आई काही म्हणत नाही, नुसती बघत राहते. घरात पदवीधर मी एकटीच, तेव्हा हा प्रश्न मी हाती घेतला आहे. ग्रंथालयातल्या नोकरीचा हा फायदा: ‘पालकांसाठी’च्या कपाटातून तीन पुस्तकं आणली. जिथे ‘पालकांनी’ लिहिलंय तिथे मी ‘ताईनं’ असं वाचते.

४ जून
पहिली प्रस्तावना वाचून झाली. विषय आवाक्यातला वाटतो. महिनाअखेर निकाल.

६ जून
संकल्प: तिला ‘बारकी’ म्हणणं बंद. सगळ्यात लहान म्हणून पडलेलं नाव, पण मनावर परिणाम होतो. बाबांना अर्धा तास समजावलं. त्यांना पटलं. लगेच हाक मारून म्हणाले, ए बारकी, आजपासून तुला बारकी म्हणायचं नाही हं!

९ जून, दुपारी
शरीराला अन्न का लागतं, हे बारकीला (वहीत चालतं) समजावून सांगितलं. वाद नाही, आदळआपट नाही. शेवटी म्हणाली, ताई, सूप गार झालं, गार मला जात नाही. मुद्दा रास्त होता. पुढच्या वेळी व्याख्यान जेवणाआधी.

१४ जून
भिंतीवर तक्ता लावला. दिवसाला तीन रकाने. जेवली की खूण तिची तिनं करायची, कारण मुलांवर विश्वास टाकावा (पुस्तक दुसरं, पान ४१).

२१ जून
एकही रकाना रिकामा नाही! आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, तक्ता भरला गं, पोरगी कुठे भरली? हिचा युनिफॉर्म आज तिसऱ्यांदा कमरेत आवळला. म्हटलं, धुऊन धुऊन कापड सैल पडतं. तर म्हणते, वीस वर्षं शिवतेय मी, कापड सैल पडलं की माणूस वाळलं ते मला कळतं. दवाखान्यात नेऊ या.
शंका आल्यास लवकर डॉक्टरांना दाखवा, असं पुस्तकातही आहे. पण मला शंका नाही. शिवाय सहा प्रकरणं वाचायची राहिलीत. अर्धवट माहिती घेऊन गेलं तर डॉक्टरांपुढे हसं होईल.

२८ जून
मोठी प्रगती! बारकीनं आपणहून केक केला. बाबांना आग्रह करकरून दोन तुकडे वाढले. स्वतः घेतला नाही, पण करणाऱ्याचं पोट वासानंच भरतं, असं तीच म्हणाली. आईचा तुकडा तसाच राहिला. आईला उगाच काळजी करायची सवय आहे.

५ जुलै
भर उकाड्यात बारकी स्वेटर घालून बसते आणि पंखा बंद करायला लावते. विजेची बचत. जबाबदारीची जाणीव वाढतेय.

९ जुलै, सकाळी ११.२०
शाळेतून फोन. मैदानावर चक्कर येऊन पडली.

९ जुलै, संध्याकाळी
नाडी फार मंद आहे. दवाखान्यात ठेवून घेतलं.
डॉक्टरबाईंनी विचारलं, कधीपासून? मी फाईल उघडली. तक्ता, टिपणं, आलेख. त्या म्हणाल्या, या खुणा कोण करायचं? मी सांगितलं. त्यांनी फाईल मिटून परत दिली.
मग आई बोलायला लागली. पहिल्यांदा कंबर आवळली ती सहामाहीच्या आधी. मग खांदे उतरवले. मग बाह्या. दोन बोटांत हवा धरून माप दाखवत होती. डॉक्टरबाईंनी आईचा शब्द न् शब्द लिहून घेतला. माझा फक्त फोन नंबर घेतला.
म्हणाल्या, हा हट्ट नाही, फॅड नाही, आजार आहे. कोणामुळे झाला ते शोधत बसू नका. उशीर झालाय, पण आलात ना.
‘उशीर’ म्हटल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

१० जुलै
बारकीला विचारलं, खोट्या खुणा का केल्यास गं? म्हणाली, तू कामावरून आलीस की चपला काढायच्या आधी तक्ता बघायचीस. किती खूश व्हायचीस ताई.

२४ जुलै
घरी आणली. डॉक्टरबाईंचा नियम: ताटात काय आणि किती ते आईबाबांनी ठरवायचं. प्रत्येक वेळी तिच्यासोबत बसून जेवायचं. जेवणावर चर्चा नाही, इकडच्या तिकडच्या गप्पा. बाबांनी बस डेपोत पाळी बदलून घेतली. आईनं मशीनवर कापड झाकलं. मी काय करू, असं विचारलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, तू तिची ताई हो.
संकल्प: तोंड बंद.

२७ जुलै
पूर्ण जेवणभर एक अक्षर बोलले नाही. बारकीनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, ताई, तू गप्प बसतेस ना, ते फार जोरात ऐकू येतं. बाबा हसले. तीही हसली जराशी. मग रडायला लागली. आई मला म्हणाली, तू जरा बाहेर बस बाळा.

२ ऑगस्ट, दुपारी १.४०
पायरीवर बसून लिहिते आहे. दार लोटलेलं. पाऊण तास झाला. आत बाबा कुठल्याशा बसची गोष्ट सांगतायत, तिचा हॉर्न बंदच होत नव्हता म्हणे. कोणी हसत नाही. आई म्हणते, अजून एक घास, मी बसलेय, मला घाई नाही.

आत्ता ताटलीवर चमचा वाजला. उचलला की खाली ठेवला, ते इथून कळत नाही.