गुडघ्यावरची टोपी

२ ऑक्टोबर १९५६, मंगळवार
डॉक्टर विटमर येऊन गेले. अँब्रोझच्या खुर्चीला टेकून, त्याच्या डोक्यावरून मला सांगतात — त्यांना आता काही कळत नाही, मिसेस केसलर, मनाची तयारी करा. नवरा आहे माझा, कपाट नव्हे! मी त्यांना कॉफी विचारली नाही.

ऑगस्टमध्ये अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात मात्र सारखा डोक्याकडे जातो. विटमर म्हणतात, चाळा आहे तो.

संध्याकाळी रोझलीचा फोन. नन्सच्या शुश्रूषागृहात पपांसाठी खोली मिळतेय, महिनाअखेर कळवायचंय. "ममा, अगं त्यांना उचलता उचलता एक दिवस तूच पडशील." पडले तर उठेन, म्हटलं.

४ ऑक्टोबर
पडले. पलंगापाशी, त्याच्या डोळ्यांदेखत. कंबर धरलीय. रोझलीला सांगणार नाही.

तो दिवसभर माझ्याकडे बघत होता. काही कळत नाही म्हणे!

६ ऑक्टोबर, शनिवार
शाळेचा सामना होता. कंबर गेली खड्ड्यात, चाकाच्या खुर्चीत घालून त्याला मैदानावर नेलंच. गार वारा होता म्हणून त्याची जुनी फेल्ट टोपी डोक्यावर घातली.

याच माणसासाठी मी वडिलांशी भांडले होते. आठवडाभर गिरणीत पोलाद ओतायचं आणि रविवारी पैसे घेऊन फुटबॉल खेळायचा, तोही आमचा अमेरिकन, चेंडू हातात धरून धडका मारायचा! डोक्याला चामड्याची टोपी, नाक तीनदा मोडलेलं. वडील म्हणायचे, सर्कसवाल्याशी का नाही करत लग्न? मग तो संघच बुडाला आणि आमच्या चर्चच्या शाळेने त्याला पोरांना शिकवायला ठेवलं. तिथे आयुष्य गेलं त्याचं.

तेव्हाचा नियम — सामना चालू असताना प्रशिक्षकाने बाकावरून चकार शब्द काढायचा नाही. काढला तर दंड. सगळेच काहीतरी चोरटी युक्ती करायचे. अँब्रोझची युक्ती म्हणजे ही टोपी. मागे सरकवली की चेंडू लांब फेका. पुढे ओढली की सरळ घुसा. काढून गुडघ्यावर ठेवली की हट्ट पुरे, चेंडू लाथेने उडवा आणि समोरच्यांच्या हवाली करा. खुणा फक्त पोरांना ठाऊक, बायकोलाही सांगितल्या नाहीत. पण तिसऱ्या रांगेत वर्षानुवर्षं बसणारी बाई काय नुसतं विणकाम करते? शेजारी रोझली शेंगा सोलत बसायची, तिचं खेळाकडे लक्ष नसायचं.

आज आमची पोरं तिसऱ्यांदा मधूनच घुसून तिसऱ्यांदा आपटली. आणि अँब्रोझचा डावा हात वर गेला. टोपी मागे सरकवली! पुढच्याच डावात पोरांनी चेंडू लांब फेकला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

७ ऑक्टोबर
रात्रभर विचार. दोन महिने हात डोक्याकडे नेतोय तो — टोपी शोधतोय! आणि ती खुंटीवर. घरात पुरुषाने टोपी घालायची नाही, हे लहानपणी शाळेत सिस्टर युफेमियांनी छडीने शिकवलेलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांचे आवाज जोडून दिले मी, आणि घरात नवऱ्याची जीभ खुंटीला टांगून ठेवली.

टोपी डोक्यावर घातली. विचारलं, कॉफी हवी? टोपी पुढे ओढली, म्हणजे हो. विटमरना बोलावू? टोपी गुडघ्यावर. मग माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी त्याचा खिसाच कापलाय. "हो, सगळ्या खुणा येतात मला. पहिल्या वर्षापासून." अर्ध्या तोंडाने हसला. किती छान हसतो अजून.

१५ ऑक्टोबर
दिवसभर गप्पा. सूप नको, रेडिओ हवा, दाढी उद्या. त्याला वाचा असतानासुद्धा इतकं बोललो नव्हतो.

२१ ऑक्टोबर
पुन्हा तोल गेला, भिंत होती म्हणून वाचले. तो बघत होता. सूप घेतलं नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार
रोझली आली. मी वकिलासारखी तयार होते. तो टोपीने बोलतो हे सांगितलं, कॉफीचं करूनही दाखवलं. तिचे डोळे भरले, पण म्हणाली, कळतंय ना त्यांना, मग त्यांनाच विचारू.

विचार की!

ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "पपा, इथेच राहायचंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कंबरेकडे. मग टोपी काढली आणि हळूच गुडघ्यावर ठेवली.



"म्हणजे काय, ममा?"

माझी कंबर वाचवायला स्वतःला दुसऱ्यांच्या हवाली करणारा गाढव! कुणी विचारलं होतं तुला?

"म्हणजे इथेच राहणार," मी म्हटलं. "टोपी खाली ठेवली म्हणजे मुक्काम." धडधडीत खोटं, आणि तेही रविवारी. अँब्रोझने डोळे मिटून घेतले. रोझली खूप वेळ टोपीकडे बघत होती. मग कोट चढवून गेली.

२९ ऑक्टोबर
तो माझ्याशी बोलत नाही. टोपी गुडघ्यावरच.

३० ऑक्टोबर
सकाळी रोझलीचा फोन. खोली नको म्हणून कळवलं म्हणे. मंगळवारी आणि शुक्रवारी ती येणार, उचलायला नवऱ्यालाही आणणार. मी आभार मानायला लागले तर मध्येच तोडलं.

"ममा, टोपी गुडघ्यावर म्हणजे काय ते मला माहीत आहे. मीही तिसऱ्या रांगेतच बसायचे ना."