विल्मारच्या राखेबद्दल, आणि माझ्याही

मी, एल्बिया इरिगाराय, वय एकोणऐंशी, विल्मार सोसाची विधवा, राहणार सेरो, मोंतेविदेओ. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कोणी हात धरून लिहून घेत नाही. धक्का मात्र बसलाय. मंगळवारपासून घास गिळवत नाही. तरी माझ्यामागे काय कोणाचं, आणि मुख्य म्हणजे माझी राख कुठे टाकायची, ते इथे ठरवते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. घर आणि शिलाई मशीन भाची ग्रिसेलला. आउरोरा क्लबच्या जर्सींवर चाळीस वर्षं मी याच मशीनवर आकडे शिवले. पायडल जड आहे, तेल घालत जा गं बाई.

कलम २. रेडिओ भाऊ होमेरोला. अट अशी की सामना त्याने अंगणात उभं राहून ऐकावा, थंडी असो वा पाऊस. कारण सगळं त्याच्यामुळे झालं. खंडाचं जेतेपद आधी मिळवलेल्या क्लबांचा सुपर कप तेव्हा चालू होता. एकतीस वर्षांपूर्वी त्याच्या उपांत्य सामन्यात आम्ही एका गोलने मागे होतो. विल्मार आमच्या माते चहाची पत्ती आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि तेवढ्यात आमचे दोन गोल झाले. तो परतला तर होमेरोने दारच अडवलं.

"दाजी, आत येऊ नका. तुमचा पाय बाहेर असला की आपण जिंकतो."

"मग काय, रस्त्यावर राहू?" विल्मार म्हणाला.

मी हसले, आणि दार लावून घेतलं. तो कप पुढे काही वर्षांत बंद पडला. आमचं खूळ काही बंद पडलं नाही. दर सामन्याला विल्मार टोपी घालून निमूट बाहेर पडायचा. मला अपराधी वाटायचं, म्हणून परतल्यावर त्याला तोर्ता फ्रिता, म्हणजे जाड पुरी, गरमागरम तळून द्यायचे. मे महिन्यात तो गेला. जिवंतपणी आत येऊ दिलं नाही, निदान आता तरी, म्हणून त्याची राख मी स्वतः आउरोराच्या गोलमागे पसरली. खूप रडले.

कलम ३. मंगळवारी ओरोस्मान तेचेरा नावाचे म्हातारबा दारात आले. हातात पिवळा मफलर आणि विल्मारचा फोटो असलेलं फारो क्लबचं सभासद कार्ड. फारो! आमचे सात जन्माचे वैरी. दर सामन्याला विल्मार तिथल्या खोलीत पत्ते खेळायचा म्हणे.

"तो लहानपणापासून आमचाच, वहिनी," ते म्हणाले. "तुमच्यासाठी तोंड शिवून बसला होता. त्या सुपर कपपासून म्हणायचा, देवानंच सुट्टी दिली."

मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. एकोणपन्नास वर्षांचा संसार, आणि मला पत्ता नाही. वर त्या फारोवाल्याला मी आमच्याच गोलमागे कायमचा पसरून आले. मफलर आणि कार्ड दोन्ही ते ठेवून गेले; त्या माझ्यासोबत जाळाव्यात.

कलम ४. ~~माझी राख त्याच्यापासून लांब, नदीत सोडावी.~~ (खोडलं. एल्बिया इ.)

नोटरीबाईंनी विचारलं, "नक्की ना?" नक्की नाही. दोन दिवस मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी त्याची आठवण आली. म्हणून असं लिहा: आउरोराच्या गोलमागची फावडंभर माती गवतासकट उकरावी. ती माझ्या राखेत मिसळावी आणि आम्हा दोघांना फारोच्या मैदानात टाकावं. फारोवाल्यांना मी जन्मभर नावं ठेवली, अजूनही ठेवते. पण एकतीस वर्षं त्याला घराबाहेर मी काढलं. आता त्याच्या माणसांत मीच त्याला पोचवते, मला तिथे कोणी बस म्हणो न म्हणो.

हे वाचून घेतलं, पटलं, म्हणून खाली सही करते.

एल्बिया इरिगाराय
मोंतेविदेओ, १८ ऑगस्ट २०२३

साक्षीदार:
ओरोस्मान तेचेरा, सभासद, फारो. (वहिनींना जागा देऊ.)
सिरो बेतानकोर, माळी, आउरोरा. (माती देतो. कोणाला सांगू नये.)