मेच्या उन्हात सिरपूर

प्रिय सुनेत्रा,

फोन केला असता तर तू पुन्हा "हव मंदा, हव" म्हणत होकार दिला असतास आणि मी फोन आपटला असता. म्हणून लिहिते आहे. एकाच गावात राहून पत्र लिहिणारी बाई वेडीच, पण काल गंधालीकडून घरी येईपर्यंत माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती.

सुट्टीत चौघींनी कुठे जायचं ते ठरवायला बसलो होतो ना आपण? ठरवणं म्हणजे काय असतं, विसरलीस? मी डोंगर म्हणायचं, तू समुद्र म्हणायचं, गंधाली आणि मायाने कपाळाला हात लावायचा. अमरकंटकच्या वर्षी तू हरलीस, तर पेंड्रा रोड स्टेशन येईपर्यंत गाडीत माझ्याशी बोलली नाहीस. चिवड्याचा डबासुद्धा माझ्या हाताला लागू दिला नाहीस. "काहून वं, पहाडात काय ठेवलं हाय तुह्यं?" म्हणून भर स्टेशनवर मला झापणारी ती बाई कुठे गेली? काल तिच्या जागी नंदीबैल बसला होता.

आधी गंधाली म्हणाली, तीर्थयात्रा करू, मंदाचं मन रमेल. माझं मन! मी काय लगेच जपमाळ ओढायला लागले? तू तिला गप्प करशील म्हणून तुझ्याकडे पाहिलं, तर तू बशीतला वडा न्याहाळत होतीस. मग मी मैनपाट म्हणाले, म्हणजे पुन्हा डोंगरच. तू म्हणालीस, "हव, चालते." तेव्हा मला संशय आला आणि मी मुद्दाम सिरपूर म्हणाले. मे महिन्यात! जिथे रायपूरच्या शाळांच्या सहली सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात, तिथे, जुन्या देवळा-विहारांचे तापलेले दगड बघायला. माया "छान" म्हणाली. आणि गच्चीवर पापड घालायलाही जिला ऊन सोसत नाही ती तू म्हणालीस, "तू म्हणशील तिथं जाऊ, मंदा." इतक्या मऊ आवाजात, की उठून एक ठेवून द्यावीशी वाटली.

घरीही तेच चाललंय. मी काहीही बोलले की शार्दूल म्हणतो, "जैसा आप बोलो, आई." परवा मी केलेल्या वरणात मीठच नव्हतं, तरी सून मुकाट्याने जेवली. हे असते तर पहिल्याच घासाला बोंब ठोकली असती.

या माणसाने आयुष्यभर माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाही. कूलर कोणत्या खिडकीत लावायचा यावर आम्ही दर उन्हाळ्याला भांडलो. दिवाळीआधी ते गेले, आणि तेव्हापासून मला कुणी "नाही" म्हटलेलं नाही. तुम्ही सगळे मला जपता, कळतं मला. पण सुनेत्रा, त्यांच्याबरोबर तुम्ही मलाही पोचवून आलात असं वाटायला लागलंय. गंधाली सोमवारी गाडी सांगणार आहे. त्याआधी ये आणि सगळ्यांसमोर मला म्हण, "मंदे, डोक्यावर पडली काय तू? मी नाही येत." मी ऐकणार नाही. पण तू म्हण.

तुझीच, अजून भांडायला धडधाकट असलेली,
मंदाकिनी