दगडी झालेली गाय शेवटी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर हे लिहायचं धाडस होतंय. दूध काढायला तू मला शिकवलंस आणि भावाचं लग्न झाल्याबरोबर आपली भुरी म्हैस नव्या वहिनीच्या हाती दिलीस, हे मी अजून विसरलेले नाही. "तुहा हात जड हाये. तिच्यापाशी म्हैस कशी गुमान उभी राह्यते, पाह्य," असं तू तिच्यादेखत म्हणालीस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या वाट्याला उरली आजारी गाय.

त्या गाईला दगडी झाली होती. कास टणक आणि दुधात गुठळ्या. डोणगावहून सायकलवर आलेला जनावरांचा डॉक्टर बजावून गेला, निरोगी जनावर आधी पिळा, आजारी शेवटी, आणि हात लाल औषधाच्या पाण्यात धुवा. पहिल्या धारा काळ्या कापडावर मारून गुठळी दिसते का बघायचं, म्हणून तू तुझं जुनं काळं लुगडं फाडलंस. तो तुकडाही वहिनीच्याच खांद्यावर टाकलास. तुझ्या लुगड्याचा वास मला हवा होता गं.

एका सकाळी वहिनी विहिरीवर गेलेली. मी मुद्दाम आधी गाय पिळते. हात न धुता भुरीपाशी बसते आणि तिच्या चारही सडांवरून तेच चिकट हात फिरवते. मग उठून चुलीपाशी येते. तू भाकरी थापत असतेस, माझ्याकडे बघतही नाहीस.

आठवड्यात भुरीची कास सुजली. डॉक्टरच्या सुयांनी म्हैस वाचली, पण एक सड कायमचा गेला.

"काऊन वं, हात धुतले नव्हते?" तू वहिनीला विचारलंस.

"धुतले होते, आत्याबाई," वहिनी रडत म्हणाली. तू तिच्या हातातली दुधाची चरवी काढून माझ्या हातात दिलीस. लाज वाटायला हवी होती. मला झाला तो आनंद, स्वतःच्या लग्नातही झाला नाही एवढा.

वहिनी आता थकली आहे. परवा माहेरी गेले तर म्हणाली, "माह्याच हातानं भुरीचं थान गेलं. आत्याबाईनं मरेपर्यंत मले कासेले हात लावू देल्ला नाही." मी बशीतला चहा पीत राहिले.

हे पत्र खरं तर तिला वाचून दाखवायला हवं. पण मग तू पुन्हा तिचीच होशील, माय. तेवढं मला अजूनही सोसणार नाही.