न मोजलेल्या पेशी

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. पण गेल्या आठवड्यात अल ऐनला जे झालं, ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्यात एवढं काय, असंच वाटेल.

मी इथे कॉलेजांच्या लॅबना सामान पुरवणाऱ्या कंपनीत आहे. पेशी मोजायच्या काचा, पिपेट, स्लाइडवरचं रक्त रंगवायचा स्टेन. राहते अजमानला, ऑफिस दुबईत. मध्यंतरी स्टेनचे काही खोके गोदामाबाहेर उन्हात राहिले. मी एक बाटली उघडून स्वतःच्या बोटाचं रक्त रंगवून पाहिलं. तांबड्या पेशी करड्या दिसत होत्या, पांढऱ्या पेशींची केंद्रकं पुसट. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "यल्ला, भेज दो. टीचिंग लॅब है, वहाँ कौन सा पेशंट है?" मी ते अल ऐनच्या एका कॉलेजला पाठवले. चलनावर सही माझीच होती.

तेव्हापासून रत्नागिरीतली आपली प्रॅक्टिकलची खोली डोळ्यांसमोरून हलेना. मी एकोणीस वर्षांची. रमजान चालू आहे, मला एसटी गाठून रोजा सोडायला गावी पोचायचंय. शंभर पांढऱ्या पेशी मोजून त्यांचे प्रकार लिहायचे आहेत. मी चाळीस मोजते आणि बाकीचे आकडे अंदाजाने भरते. तुम्ही वही बघता. "शंभर मोजल्यास?" "हो बाई." तुम्ही माझ्या स्टुलावर बसता, मायक्रोस्कोपला डोळा लावता, स्लाइड हळूहळू सरकवत राहता. मग मला बोलावता. कडेला मोठ्या, कच्च्या पेशी आहेत, एकीला लागून दुसरी. "सातवीतल्या मुलीचं रक्त आहे हे. तिचा आजार तू न बघितलेल्या साठांत होता. बस, पुन्हा मोज."

मोजून झालं तेव्हा एसटी गेली होती. मी रडायला लागले. तुम्हाला वाटलं, तुम्ही बोललात म्हणून. "रोजा आहे बाई," मी म्हटलं, आणि तुमचा चेहराच उतरला. "अगं, मग सांगायचं नाही का!" तुम्ही मला घरी नेलंत. स्वयंपाकघरात पाटावर बसवून तुम्ही डबे धुंडाळत होता. "खजूर नाही गं घरात. केळं चालेल?" अजान ऐकू यावी म्हणून खिडकी उघडलीत, आणि ती होईपर्यंत तुम्हीही पाणी प्यायला नाहीत. मग शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून मला घरी पोचवायची व्यवस्था केलीत. निघताना म्हणालात, "रोजाचं कळलं असतं तर तुला लवकर सोडलं असतं. आकडे मात्र सोडले नसते."

तर गेल्या मंगळवारी मी ऑफिसला न जाता थेट अल ऐनला गेले. तिथल्या लॅबच्या मॅडम केरळच्या आहेत. त्यांनी तक्रार केलीच नव्हती. म्हणाल्या, दोन आठवडे सगळ्यांच्या स्लाइड बिघडतायत, मुलं नवीन आहेत म्हणून असेल. एका मुलीने तर आपल्या हाताला हे जमतच नाही म्हणून विषय बदलायचा अर्ज दिलाय. मी म्हटलं, "मॅडम, हात ठीक है. स्टेन खराब है. भेजते वक्त मुझे पता था." मग त्यांनी त्या मुलीला बोलावलं. मी नेलेल्या चांगल्या बाटलीतला स्टेन तिने स्वतः टाकला, धुतला, वाळवला. मायक्रोस्कोपमध्ये पाहून ती हळूच म्हणाली, "ओह. सो इट वॉज़न्ट मी."

अर्ज तिने मागे घेतला. बाटल्या परत आल्या. मॅनेजरने माझं कॉलेजांकडे जाणं बंद करून मला गोदामात बसवलंय. घरी मी अजून सांगितलेलं नाही, पण झोप लागते.

निघताना मॅडमनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी तुमच्याबद्दल सांगितलं. "अब भी मिलती हैं उनसे?" मी म्हटलं, त्या नाहीत आता. पुढचं त्यांना सांगितलं नाही. तुम्ही आजारी होता तेव्हा मला भेटायला बोलावलं होतंत. रजा मिळाली नाही, असा निरोप मी पाठवला, आणि तुम्ही म्हणालात म्हणे, "नोकरी आहे पोरीची, असू दे." बाई, मी रजा मागितलीच नव्हती.