दाण्यांची बाजू

६ जाने., सोम.
कोपर पुन्हा. सकाळी लॅबमध्ये पेशंटचं रक्त घेताना सुई हलली नाही, पण ट्रे उचलला आणि कळ थेट मनगटापर्यंत. डॉक्टर म्हणाल्या, "खेळा, पण मारू नका." टेबल टेनिसमध्ये मारायचं नाही तर करायचं काय, हे विचारायचं राहिलं. जेवताना नवरा, अनिल, म्हणाला, "कॅरम घे आता. बसून असतं."
२ फेब्रु.ला ठाण्यात चाळिशीवरच्या बायकांची दुहेरी आहे. माझं आणि शारदाचं नाव दिलंय. शारदा माझी नणंद, खारबावला दिलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा कॉलेजात होती. समाजमंदिरातल्या टेबलावर तिला मीच शिकवलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघी पहिल्यांदाच बाहेर कुठे खेळणार. नाव मागे घेणार नाही. खेळ बदलावा लागला तर बदलीन.

९ जाने., गुरु.
बॅटचं लाकूड, म्हणजे ब्लेड, तेच ठेवायचं. कॉलेजपासूनचं, पाच थरांचं, हलकं. मुठीवर अंगठ्याची खळी पडलीय. नव्या लाकडाला ही खळी कुठून आणू? बॅकहँडचं काळं रबर मात्र संपलं. बोट फिरवलं तर काच. नवं आणलं, मऊ. झटका कमी बसेल ही आशा.
दुपारी चिकटवलं. डिंक पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत थांबले. मग मुठीकडून वर, लाटण्याने. पोळीपेक्षा हलक्या हाताने.

१४ जाने., मंगळ. संक्रांत.
समाजमंदिराच्या हॉलच्या मागेच लूम, यंत्रमागाचा कारखाना. तासभर खेळलं की रबरावर कापसाची लव बसते आणि बॉल पकडत नाही. ओल्या स्पंजने पुसायचं, वर प्लास्टिक लावायचं, एवढंच काम. परवा मला जादा ड्युटी लागली म्हणून शा. म्हणाली, "मी नेते, साफ करून आनते. नवं हाय ना."
आज तिळगुळाबरोबर बॅट परत आली. पहिलाच बॉल सुळकन निसटला. दुसराही. नाकाशी धरली. मशीनच्या तेलाचा वास.
"काय केलंस गं?"
"कंप्रेसर मारला. आमच्या लूमवर सगळं त्यानंच साफ करतात."
खरंच करतात. माग, पंखे, पोरांचे बूट, अगदी देव्हाऱ्याची जाळीसुद्धा. पण त्या हवेबरोबर तेलही येतं. अन्सारीभाई त्याच लूमवर कामाला असतात, ड्युटी सुटली की खेळायला येतात. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "भाभी, इसको तो अब अचार में डालो." शा.चा चेहरा पडला. तोंडात तिळगूळ होता म्हणून मी बोलले नाही. त्यासाठीच देत असावेत.

१६ जाने., गुरु.
गंमतच. दुसरी बॅट नाही, म्हणून त्याच तेलकट बॅटने खेळले. अन्सारीभाईंच्या सर्व्हिसला इतकी फिरकी असते की मी नेहमी चुकते. आज फक्त बॅट आडवी धरली. बॉल मेल्यासारखा परत गेला, त्यांनी जाळीत घातला. पुन्हा तेच. "ये कौन सा जादू है, भाभी?" कोपर गप्प. एकदाही मारावं लागलं नाही.
शा. टाळ्या वाजवत होती. "असंच ऱ्हाऊ दे! ठान्याला कोन वास घेनार हाय?"
रबर जसं कारखान्यातून आलं तसंच वापरायचं, वर काही लावायचं नाही, असा नियम आहे. सांगितलं तिला.
"मी काय मुद्दाम लावलं?"
"आता माहीत असून ठेवलं तर मुद्दामच."
म्हणाले झटकन. पण घरी येईपर्यंत बॅट पिशवीत टाकवेना. हातातच धरून चालले.

१८ जाने., शनि.
रबर काढलं. कोपऱ्यातून, हळूहळू, तिरकं ओढायचं असतं. मी रागात सरळ ओढलं. लाकडाची एक कपची वर आली, तांदळाच्या दाण्याएवढी. मग लाकडाचा डिंक, वर कागद, त्यावर पाटा. सुकल्यावर घासून वॉर्निशचा पातळ हात. बोटाला आता काही लागत नाही. मला मात्र ती जागा ठाऊक आहे.

२० जाने., सोम.
तेलाने चुकून जे दाखवलं ते नियमात बसवूनही मिळतं. लांब दाण्यांचं रबर, वर रबराचेच उभे, बारीक दाणे. दाणे वाकतात, समोरच्याची फिरकी त्याच्याकडेच उलटी जाते, आपण नुसतं अडवायचं. इथे धामणकर नाक्यावरच्या दुकानात नव्हतं. ठाण्याहून आणलं, येताना वाटेत कशेळीला ट्रकांच्या रांगेत पिशवी मांडीवर धरून बसले. संध्याकाळी चिकटवलं. हाच माझा खेळ.

२२ जाने., बुध.
वाट लागली. दुहेरीत एक बॉल माझा, पुढचा शा.चा. माझे दाणे बॉल वेडावाकडा पाठवतात, तो तसाच वेडावाकडा परत येतो, तिच्याकडे. तिने बरेच घालवले. शेवटी बॅट टेबलावर ठेवली.
"रबर तुझं, पन येडा बॉल माझ्याकडं येतोय. मला इचारलंस, वहिनी?"
नव्हतं विचारलं. माझं कोपर, माझं रबर, माझा निश्चय. या घरात किती गोष्टी दुसऱ्यांनी ठरवल्या आणि त्यांचा बॉल माझ्या बाजूला आला. कसं वाटतं ते मला माहीत होतं. तरी…

२५ जाने., शनि.
गेले तिच्याकडे. म्हटलं, "काढून टाकू? तू सांग. साध्या रबरावर जमेल तेवढं खेळू."
चहा गाळता गाळता म्हणाली, "काढू नको. आधी माज्या समोर उभी ऱ्हा. तुजा बॉल मला पयला समजू दे."
संध्याकाळी हॉलवर ती अन्सारीभाईंच्या जागी उभी राहिली, माझ्याविरुद्ध. आधी चुकत होती, चिडत होती, मला नको ते बोलत होती. मग हळूहळू मोठ्याने सांगायला लागली. "तरंगतोय." "खाली बसला." "ह्यो सरळ." मी आंधळी असल्यासारखी ती माझाच खेळ मला वाचून दाखवत होती.

३० जाने., गुरु.
जोडीने खेळलो. हरलो, पण भांडलो नाही. अन्सारीभाई म्हणाले, "अब डर लगता है." कोणाची भीती ते सांगितलं नाही.

२ फेब्रु., रवि. ठाणे.
बाकावर बसून लिहितेय. समोरच्या दोघी उंच, जोरात मारणाऱ्या. सराव बघितला, बॉल दिसतच नाही.
पंचांनी बॅट तपासायला घेतली. लाल बाजू बघितली. काळ्या बाजूच्या दाण्यांवरून बोट फिरवलं. मग नाकाशी नेली. शा.ने माझं मनगट गच्च धरलं. बॅट परत मिळाल्यावर दोघी इतक्या हसलो की शेजारची बाई सरकून बसली.
कोपराला पट्टा बांधलाय. आमचं नाव पुकारलं.
"वहिनी, पयला बॉल कसा येल?"
"माहीत नाही. तुझ्याकडे येईल एवढं नक्की."
दुपट्टा कमरेला खोचत म्हणाली, "येऊ दे."