गच्चीचं कुलूप

मंगळवार, संध्याकाळ

वरच्या मजल्यावाल्याने आज गच्चीला कुलूप लावलं. सासूबाई कुरडयांचा चीक घेऊन जिन्यातूनच परत आल्या. मी भांडायला गेले, तर म्हणतो, "भाभीजी, छत तो मैंने फ्लोर के साथ खरीदी है." वकिलाला फोन केला. तोही म्हणाला, दिल्लीत गच्चीचा हक्क वेगळा विकतात, तुमच्या खरेदीखतात तो नाहीच.

घर घेताना मी ह्यांना म्हटलं होतं, गच्चीचं विचारा. तर म्हणाले, "पुण्यात कोणी विचारतं का? गच्ची सगळ्यांचीच असते!" मोठे सरकारी अधिकारी! आता म्हणतात, "जाऊ दे ना यार." ते कुलूप ह्यांना दिसतच नाही.

आणि सासूबाई? लेकाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बाल्कनीतल्या सावलीत कुरडया घालता घालता मला म्हणाल्या, "घर घेताना तू तरी विचारायचं होतंस."